दावा हरल्यावर बदललेला नियम

निवृत्त आयपीएस अधिकाऱ्यांनी केंद्र सरकारविरुद्ध पेन्शनचा दावा जिंकला आणि वर्षभरातच, मार्च २०२५मध्ये, सरकारने वित्त विधेयकातून कायदाच बदलला. त्यावर जी चर्चा झाली तिचे सूर दोनच. एक म्हणतो, बंगला-गाडी-शिपाई उपभोगून झालेल्या साहेबांना आता आणखी किती हवं? दुसरा म्हणतो, सरकारने पेन्शनच बुडवली, आठव्या वेतन आयोगाचं काहीही जुन्या पेन्शनरांना मिळणार नाही. पहिल्यात मत्सर आहे, दुसऱ्यात अफवा आहे. मुद्दा दोन्हींत नाही. निवृत्त अप्पर पोलिस महासंचालकाला किती रुपये मिळावेत हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानेच, न्यायालयात हरल्यानंतर, १९७२पासून आपल्याला पेन्शनरांत भेद करण्याचा अधिकार होताच असं कायद्यात लिहून घ्यावं का, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आणि त्या ‘नाही’चा सर्वांत मोठा लाभार्थी साहेब नसून हवालदार आहे.

हे प्रकरण समजायचं तर थोडी आकडेमोड टाळता येणार नाही. सहाव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २००६पासून जुन्या वेतनश्रेण्या मोडून पे बँड (अनेक जुन्या श्रेण्या सामावणारा वेतनपट्टा) आणि ग्रेड पे (हुद्द्यानुसार त्यात मिळवायची ठरावीक रक्कम) आणले. सेवेत असलेल्याचा पगार ठरवताना जुना मूळ पगार १.८६ने गुणायचा आणि त्यात ग्रेड पे मिळवायचा. हा ग्रेड पे जुन्या श्रेणीच्या कमाल टप्प्याच्या सुमारे ४० टक्के धरला होता. आधीच निवृत्त झालेल्यांना मात्र ग्रेड पे नव्हता. त्यांच्या मूळ पेन्शनला २.२६ने गुणलं, म्हणजे १.८६ अधिक मूळ पेन्शनचेच ४० टक्के. एकाला चाळीस टक्के श्रेणीच्या टोकावर, दुसऱ्याला स्वतःच्या पेन्शनवर. कागदावर दोन्हीकडे ४०च दिसतात. रक्कम वेगळी येते.

जुन्यांचं फारच नुकसान होऊ नये म्हणून आयोगाने एक तळ आखून दिला होता. सरकारने २९ ऑगस्ट २००८च्या ठरावात तो मान्यही केला: निवृत्त झालेल्याच्या जुन्या श्रेणीशी जुळणाऱ्या पे बँडमधल्या वेतनाचा किमान टप्पा अधिक ग्रेड पे, या बेरजेच्या निम्म्याहून पेन्शन कमी असणार नाही. मग ३ ऑक्टोबर २००८ला एक ‘स्पष्टीकरण’ निघालं. त्यात ‘पे बँडमधल्या वेतनाचा किमान टप्पा’ याऐवजी ‘पे बँडचा किमान टप्पा’ असं झालं, जुनी श्रेणी कोणतीही असो. एखाददुसरा शब्द इकडचा तिकडे झाला. पोलिस महानिरीक्षकाची १८,४००-२२,४०० ही जुनी श्रेणी घ्या. जुळणीच्या तक्त्यात तिचं किमान वेतन ४४,७०० होतं. त्यात ग्रेड पे १०,००० मिळवून निम्मे केले की पेन्शन २७,३५० येते. पे बँडचा तळ मात्र ३७,४००; तोच धरला तर २३,७००. मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या गोष्टीत एका विभागाच्या ज्ञापनाने, म्हणजे कार्यालयीन पत्रकाने, दरमहा ३,६५० रुपयांची काटछाट केली, आणि तिला नाव दिलं स्पष्टीकरण.

या श्रेणीतले निवृत्त अधिकारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. १ नोव्हेंबर २०११ला पूर्णपीठाने स्पष्टीकरण रद्द केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०१३ला तो निर्णय उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयात सरकारची याचिका फेटाळली गेली, मग पुनर्विचार याचिका, मग शेवटचा उपाय असलेली क्युरेटिव्ह याचिका. तीही ३० एप्रिल २०१४ला गेली. मध्यंतरी सरकारने तोडगा काढला: सुधारित तळ देऊ, पण २४ सप्टेंबर २०१२पासून, आधीचं नाही. शेवटी ३० जुलै २०१५च्या ज्ञापनाने १ जानेवारी २००६पासूनची थकबाकी द्यायचं कबूल झालं. एका वाक्याच्या अर्थासाठी जवळपास सात वर्षं.

आता हे पाहा. दावा लढवला महानिरीक्षक आणि सहसचिव दर्जाच्या लोकांनी. २०१५चं ज्ञापन लागू झालं सगळ्या श्रेण्यांना. केंद्रीय दलांत आणि दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल ३,२००-४,९०० या श्रेणीत असे. तळाशी असलेल्याची पेन्शन २.२६च्या हिशेबाने ३,६१६ होती, ती ३,९८० झाली. ६,५००-१०,५०० श्रेणीतल्या निरीक्षकाची ७,३४५ वरून ८,१४५. हवालदाराला दरमहा ३६४ रुपये आणि निरीक्षकाला ८०० रुपये, त्यावर महागाई वाढ वेगळी. निरीक्षकाची २०१२पर्यंतची थकबाकीच महागाई वाढ न धरता ६४ हजारांच्या आसपास जाते. हे पैसे त्यांना मिळाले कारण दुसऱ्या कुणाला तरी वकिलाची फी परवडत होती. श्रीमंत वादीचा दावा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

तळाचा वाद संपला, पण मूळ भेद राहिलाच. तळाच्या वर असलेल्यांना २.२६चं सूत्र आणि १ जानेवारी २००६नंतर निवृत्त झालेल्यांना १.८६ अधिक ग्रेड पेचं सूत्र, हा भेद. ९,१०० रुपये मूळ पगारावर ३१ डिसेंबर २००५ला निवृत्त झालेला निरीक्षक घ्या: ४,५५० गुणिले २.२६, म्हणजे १०,२८३. त्याच पगारावरचा दुसरा ३१ जानेवारी २००६ला निवृत्त होतो: १६,९३० अधिक ४,२००, त्याचे निम्मे, म्हणजे १०,५६५. एका महिन्याने दरमहा २८२ रुपयांचा फरक. वरच्या श्रेण्यांत तो हजारांत गेला, कारण तिथे श्रेण्याच नव्याने रचल्या गेल्या. फोरम ऑफ रिटायर्ड आयपीएस ऑफिसर्स ही संघटना आणि २२,४००-२४,५०० श्रेणीतल्या निवृत्तांची संघटना या भेदाविरुद्ध लढत होत्या. २० मार्च २०२४ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची बाजू मान्य केली. ४ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारा अर्ज, फेटाळली.

त्यानंतर आला वित्त अधिनियम, २०२५. अर्थसंकल्पाच्या करतरतुदींच्या मागे एक स्वतंत्र भाग जोडला गेला. त्याचा आशय असा: पेन्शनरांचं वर्गीकरण करण्याचा, त्यांच्यात भेद करण्याचा, विशेषतः निवृत्तीच्या तारखेवरून भेद करण्याचा अधिकार केंद्राला आहे आणि तो नेहमीच होता असं मानलं जाईल. ‘नेहमी’ म्हणजे १ जून १९७२पासून, ज्या दिवशी केंद्रीय नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागू झाले. वरातीमागून घोडं आपण ऐकलं होतं. इथे वरात निघाली तेव्हा घोडं पुढेच होतं असं ५३ वर्षांनी ठरवलं गेलं.

सरकारच्या बाजूला दम नाही असं मात्र नाही. पेन्शनर संघटना दर १७ डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा करतात, कारण १९८२मध्ये त्या दिवशी नकारा खटल्याचा निकाल लागला. डी. एस. नकारा १९७२मध्ये निवृत्त झाले होते. २५ मे १९७९च्या ज्ञापनाने पेन्शनचं सूत्र उदार केलं, सरासरी वेतन ३६ऐवजी १० महिन्यांवर काढायचं ठरलं, पण लाभ फक्त ३१ मार्च १९७९ला आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती तारीख खोडली. पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही मेहेरबानी नाही, ती केलेल्या सेवेचं देणं आहे, आणि एकाच योजनेतले पेन्शनर हा एक वर्ग आहे, हे त्याचं सार. पण पुढे सर्वोच्च न्यायालयानेच नकाराला कुंपण घातलं. १९९०च्या कृष्णकुमार खटल्यात भविष्य निर्वाह निधी निवडलेले रेल्वे कर्मचारी आणि पेन्शन निवडलेले कर्मचारी हे दोन वेगळे वर्ग ठरले. १९९१मध्ये माजी सैनिकांच्या खटल्यात घटनापीठाने स्पष्ट सांगितलं की नकाराचा अर्थ समान हुद्द्याला समान रक्कम असा नाही. सूत्र सारखं, पण ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पगाराला लावायचं. २०२२मध्ये समान हुद्दा समान पेन्शनच्या वादातही न्यायालयाने सरकारचं धोरण कायम ठेवलं. तो निकाल लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड. नकाराच्या पीठावर वडील, त्याच्या मर्यादा सांगताना मुलगा. पेन्शनच्या कायद्याचा चाळीस वर्षांचा प्रवास एकाच घरात दिसतो.

दुसरा मुद्दाही मान्य करायला हवा. विशेष अनुमती याचिका फेटाळली म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रश्नावर कायदा घोषित केला असं होत नाही. २०००च्या कुन्हयम्मद निकालापासून हे पक्कं आहे. ‘सर्वोच्च न्यायालयाने समानता मान्य केली’ असं पेन्शनर संघटना सांगतात, तेव्हा त्या थोडं जास्त सांगतात. तिसरा मुद्दा पैशांचा. केंद्राचा पेन्शनवरचा वार्षिक खर्च अडीच लाख कोटी रुपयांहून अधिक आहे. आणि चौथा, जो मला सर्वांत टोचतो: १ जानेवारी २००४नंतर केंद्राच्या सेवेत, १ नोव्हेंबर २००५नंतर महाराष्ट्राच्या सेवेत आलेला शिपाई राष्ट्रीय पेन्शन योजनेत गेला. त्याच्या पगारातून दरमहा कपात होते आणि, एप्रिल २०२५पासून केंद्राने दिलेला एकीकृत पेन्शन योजनेचा हमीचा पर्याय घेतलेला नसेल तर, हाती काय पडेल हे बाजार ठरवतो. त्याने जुन्या साहेबांच्या २.२६ आणि १.८६च्या वादाकडे कोणत्या सहानुभूतीने पाहावं?

एकेक घेऊ. तारखा लागतातच, यात वाद नाही. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ जानेवारी २००६पासून साडेतीन लाखांवरून दहा लाख झाली. ३१ डिसेंबर २००५ला निवृत्त झालेल्याला साडेतीनच मिळाले, आणि न्यायालयं त्यात पडत नाहीत. कारण ग्रॅच्युइटी एकदाच दिली जाते. ज्या दिवशी दिली त्या दिवशी व्यवहार संपला. नवी योजना सुरू करतानाही तारीख लागते. राष्ट्रीय पेन्शन योजनेचा वर्ग वेगळा आहे, कारण तिची रचनाच वेगळी आहे. पण मासिक पेन्शन दर महिन्याला देय होते, आणि महागाई मोजून ती सुधारायची ही जबाबदारी सरकारने स्वतःच घेतली आहे. ३१ डिसेंबरचा आणि ३१ जानेवारीचा निरीक्षक एकाच बाजारात डाळ घेतात. सुधारणेचं कारण महागाई असेल तर सूत्रात निवृत्तीची तारीख कशाला? १९९१च्या निकालाचं कुंपण मला पूर्ण मान्य आहे, आणि ते सरकारच्याच विरोधात जातं: रक्कम वेगळी असू द्या, सूत्र एक ठेवा. इथे तर सूत्रच दोन होती. २०१९मध्ये मणिपूरच्या पेन्शनरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. १९९६पूर्वीचे आणि नंतरचे असे दोन गट पाडण्यासाठी राज्याने दाखवलेली आर्थिक अडचण पुरेशी मानली नाही.

पैशांचा मुद्दा जितका मोठा दिसतो तितका नाही, आणि याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. सातव्या आयोगानंतर १२ मे २०१७च्या ज्ञापनाने २०१६पूर्वीच्या प्रत्येक पेन्शनरचा पगार काल्पनिक पद्धतीने पुन्हा बांधून काढला. माणूस चौथ्या आयोगाच्या काळात निवृत्त झाला असेल तर त्याचा शेवटचा पगार आधी पाचव्यात, मग सहाव्यात, मग सातव्यात बसवायचा आणि त्याचे निम्मे पेन्शन. त्यासाठी श्रेणीवार तक्ते काढले, ते ६ जुलै २०१७ला प्रसिद्धही झाले. पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, शेवटची श्रेणी आणि शेवटचा मूळ पगार एवढं वाचता आलं की बँकेतला कारकूनही तक्त्यावरून रक्कम सांगू शकतो. (अडतं ते पीपीओच्या जुन्या प्रतीवर श्रेणीच न लिहिल्यामुळे, मग सेवापुस्तकाच्या शोधात दोन कार्यालयांच्या फेऱ्या.) म्हणजे १ जानेवारी २०१६पासून जुन्या-नव्यांतला सूत्रभेद मिटला. वादात राहिली ती २००६ ते २०१५ ही दहा वर्षं, १२० महिने. आपल्या उदाहरणातल्या निरीक्षकाला २८२ गुणिले १२०, म्हणजे ३३,८४० रुपये, अधिक महागाई वाढ. रक्कम जड वाटत असेल तर न्यायालयांनी वाटही दाखवलेली आहे. नकारातही १९७९पूर्वीची थकबाकी दिली नव्हती. हप्ते पाडता येतात. सहाव्या आयोगाची थकबाकी आधी ४० आणि मग ६० टक्के अशीच दिली गेली. एका बंदिस्त, वर्षागणिक आटत जाणाऱ्या देण्यासाठी १९७२पासूनचा अधिकार मागून घेणं म्हणजे मुंगीवर तोफ डागणं. ती तोफ या मुंगीसाठी नसावी, अशी शंका त्यामुळेच येते.

२७ मार्च २०२५ला राज्यसभेत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की यात नवीन काही नाही, प्रचलित धोरणाला वैधता दिली आहे, सातव्या आयोगाने दिलेल्या समानतेला धक्का लागत नाही आणि संरक्षण दलांच्या पेन्शनवरही परिणाम नाही. शेवटचं आश्वासन मोलाचं आहे, आणि तेच युक्तिवाद उघडा पाडतं. सैनिकांसाठी सरकारने नोव्हेंबर २०१५मध्ये समान हुद्दा समान पेन्शन लागू केली, दर पाच वर्षांनी फेरआढावा ठेवला. सैनिक पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, त्याचं उर्वरित आयुष्य लांब असतं. त्याला जास्त द्यावं हे योग्यच. पण मग तारखेवरून भेद करणं ही अपरिहार्य आर्थिक शिस्त आहे असं कसं म्हणायचं? जिथे द्यायचं ठरवलं तिथे सरकारने रक्कमसुद्धा जुळवली. जिथे नाही, तिथे सूत्र जुळवायलाही कायदा आडवा आणला.

पेन्शन हक्क की मर्जी, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८१८मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली ती वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. जानेवारी १८५१मध्ये बिठूरला तो वारला आणि कंपनीने तनखा बंद केला. नानासाहेबाचा अर्ज, वकील, विलायतेतली खटपट, काही उपयोग झाला नाही. देणाऱ्याने सांगितलं की तनखा व्यक्तीला होता, गादीला नव्हता. पेशव्याचा कैवार घेण्यासाठी हे सांगत नाही. पाहायचं ते एवढंच की कराराचा अर्थ काय, हे देणाऱ्यानेच ठरवलं आणि दाद मागायला स्वतंत्र न्यायालय नव्हतं. संस्थानिकांच्या तनख्यांचं उदाहरण याच्या उलट आहे. डिसेंबर १९७०मध्ये माधवराव सिंदियांच्या खटल्यात सरकार हरलं. मग इंदिरा गांधींनी निवडणूक लढवली, १९७१मध्ये २६वी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करून घेतली आणि तनखे पुढच्या काळासाठी बंद केले. त्या निर्णयाबद्दल मत काहीही असो, तो राजरोस होता. २०२५ची तरतूद वित्त विधेयकात आली. धन विधेयकावर राज्यसभेला शिफारस करता येते, ते अडवता येत नाही. खर्च भारताच्या एकत्रित निधीतून होतो म्हणून ते धन विधेयकात बसतं, हा तांत्रिक युक्तिवाद बरोबर असेलही. पण लाखो माणसांच्या सेवाशर्ती पूर्वलक्षी प्रभावाने ठरवणाऱ्या तरतुदीला स्वतंत्र विधेयक, स्थायी समिती आणि एक दिवसाची चर्चा मिळू नये?

कायद्याच्या दृष्टीने अधिक जवळची दोन उदाहरणं आहेत. आयुर्विमा महामंडळाच्या तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांशी बोनसचा करार झाला होता. आणीबाणीत, मे १९७६मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो पाळण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात संसदेने करारच निष्प्रभ करणारा कायदा केला. १९७८मध्ये मदनमोहन पाठक खटल्यात सात न्यायाधीशांनी तो कायदा फेटाळला. दुसरं रेल्वेचं. चालक, गार्ड यांच्या पेन्शनमध्ये रनिंग अलाउन्सचा (धावत्या गाडीवरच्या कामाच्या भत्त्याचा) ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग धरला जाई. डिसेंबर १९८८मध्ये रेल्वेने नियम बदलून ही मर्यादा १९७३पासून ४५ आणि १९७९पासून ५५ टक्के केली, तीही मागच्या तारखांनी. १९९७च्या रंगधामय्या निकालात घटनापीठाने सांगितलं की निवृत्त होताना लागू असलेल्या नियमाने जे मिळालं ते मागे जाऊन कमी करता येणार नाही. विधिमंडळाला निकालाचा पाया दुरुस्त करता येतो, निकाल पुसता येत नाही. १९६९च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यापासून हीच मोजपट्टी आहे. आता प्रश्न असा: दिल्ली निकालाचा पाया होता घटनेचं १४वं कलम, म्हणजे समानतेचा हक्क. ‘आम्हाला भेद करण्याचा अधिकार होता’ असं साध्या कायद्यात लिहिल्याने १४व्या कलमातली उणीव भरून निघते का? अधिकार नव्हता असं न्यायालय म्हणालंच नव्हतं. भेदाला वाजवी कारण नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कारण अजूनही दिलेलं नाही. अधिकार तेवढा दोनदा सांगितला आहे.

आता श्रीमंत साहेबांच्या मुद्द्याकडे. शिपाई स्वतः का लढत नाही? कारण त्याला संघटना नाही. १९६६च्या पोलिस दल हक्क-निर्बंध कायद्याने परवानगीशिवाय संघटना करता येत नाही. महाराष्ट्रात पोलिस कर्मचाऱ्यांची संघटना होती. १८ ऑगस्ट १९८२ला मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले, लष्कर आणि निमलष्करी दलं बोलावली गेली आणि तिची मान्यता गेली. नकाराचा निकाल त्याच वर्षीच्या डिसेंबरातला आहे. त्या चार महिन्यांनी पोलिसाची पुढची दिशा ठरवली: सेवेत असेपर्यंत तोंड बंद, निवृत्तीनंतर न्यायालय. आणि न्यायालयात टिकतो तो ज्याला ज्ञापनांची भाषा कळते आणि दहा वर्षं वकील पोसता येतो. हेच अधिकारी खुर्चीत असताना शिपायाची रजा, बारा तासांची ड्युटी, क्वार्टरची गळती याबद्दल फारसे बोलले नाहीत, हा आरोप खरा आहे. पण वादी आवडत नाही म्हणून त्याने सिद्ध केलेलं तत्त्व टाकून द्यायचं? नकारा स्वतः संरक्षण मंत्रालयातले वरिष्ठ वित्त अधिकारी होते, कारकून नव्हते.

राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या तरुण शिपायाला उत्तर द्यायचं तर हेच द्यावं लागतं. हमीचा पर्याय घेतलेला नसेल तर आज त्याच्याकडे सूत्र नाही, फक्त खातं आहे. आणि घेतला असेल, तर ती हमी ‘अमुक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच’ अशी मागे जाऊन आवळता येईल की नाही, हे याच वादात ठरणार आहे. जुन्यांची समानता मोडली तर ती त्याच्या वाट्याला येत नाही.

पेन्शनर संघटनांचंही चुकतं. ‘नव्या कायद्याने महागाई वाढ बंद, आठवा आयोग बंद’ असे संदेश महिनोन्‌महिने फिरले. केंद्राला खंडन करावं लागलं, आणि खोट्या भीतीच्या गोंगाटात खरी तरतूद कुणी वाचलीच नाही. दुसरी चूक वाट पाहण्याची. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभर काम केलेलं असतं, पण वेतनवाढ १ जुलैची, म्हणून ती त्याला नाकारली जाई. ११ एप्रिल २०२३ला मुंडिनमणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला लावली. मग २० फेब्रुवारी २०२५च्या आदेशाने स्पष्ट झालं की जे न्यायालयात आलेच नाहीत त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३पासून; आधीची थकबाकी नाही. ज्याने निकाल मिळवला होता त्याला थकबाकी, शेजारच्या टेबलावरून त्याच दिवशी निवृत्त झालेल्याला नाही. सरकार ज्या समानतेला घाबरतं ती प्रत्यक्षात अशी फाइलीफाइलीने मिळते. म्हणून निवेदन देऊन पोहोच जपणं आणि मुदतीत अर्ज करणं, हे मोर्च्याहून उपयोगी पडतं.

महाराष्ट्रातल्या निवृत्त हवालदाराला वित्त अधिनियम थेट लागू नाही. त्याची पेन्शन राज्याच्या १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार चालते. पण केंद्राचा आयोग आला की राज्य समिती नेमतं (सहाव्याला हकीम, सातव्याला बक्षी) आणि केंद्राचं सूत्र थोड्या उशिराने, थोड्या फेरफाराने उचलतं. केंद्राने तारखेची भिंत उभारली तर ती मंत्रालयात उतरवून घ्यायला फार दिवस लागणार नाहीत.

कसोटी लांब नाही. आठव्या आयोगाच्या अध्यक्षा न्या. रंजना प्रकाश देसाई आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये कार्यकक्षा मंजूर झाली आणि अहवालाला अठरा महिने दिले आहेत. कार्यकक्षेत बिनअंशदायी पेन्शन योजनांच्या, म्हणजे जुन्या पेन्शनच्या, निधीविना पडणाऱ्या खर्चाचा उल्लेख आहे. दर दहा वर्षांचा प्रघात पाहिला तर भेदाची नवी तारीख १ जानेवारी २०२६ असेल. त्या रेषेच्या अलीकडे ३१ डिसेंबर २०२५ला निवृत्त झालेला केंद्रीय दलातला हवालदार आहे, पलीकडे महिनाभराने निवृत्त झालेला त्याचा बॅचमेट. अलीकडच्याला २०१७सारखा तक्ता मिळेल की २००८सारखा गुणक, हे आयोग सुचवेल. तो भेद न्यायालयात टिकेल का, हे २०२५च्या त्या तरतुदीचं काय होतं यावर अवलंबून आहे. २००५च्या डिसेंबरात साठाव्या वर्षी निवृत्त झालेले अधिकारी दरम्यान ऐंशी ओलांडून गेले आहेत. वयोमानानुसार मिळणारी २० टक्के जादा पेन्शन त्यांना लागू झाली आहे, २००६ ते २०१५चा हिशेब अजून उघडाच आहे.